चढाईचा गडी कसा पारखावा?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली ज्या गुरुकुंजात आश्रम स्थापिला, तेथील व्याख्यानासाठी कबड्डीसारखा विषय निवडावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु हा विषय वऱ्हाडाला परका नाही. येथून जवळच असलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक परदेशी प्रेक्षकांपुढे केले होते. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला, आणि २०१४ पासून व्यावसायिक स्पर्धेमुळे ती घरोघरी दिसू लागली.

आमचा आजचा प्रश्न मात्र लहान आणि घरचा आहे. उन्हाळा सरला की महाविद्यालये उघडतील. शेवटच्या वर्षाचे गडी पदवी घेऊन गेलेले असतील आणि नवा संघ बांधावा लागेल. पकडीचे गडी एकमेकांच्या आधाराने खेळतात. चढाईचा गडी एकटाच सातांच्या गोटात जातो. त्याची निवड चुकली, तर त्याचे फळ सगळ्या संघाला भोगावे लागते. ही निवड कशी करावी, याचा विचार करू.

प्रथम त्याचे काम नीट समजून घेतले पाहिजे. त्याला तीस सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात अखंड दम घुमवीत त्याने निदान रेषा ओलांडावयाची, जमल्यास गडी टिपावयाचा, आणि मध्यरेषेला परत पोचावयाचे. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर असते. कोणालाही न शिवता आणि ती रेषाही न ओलांडता परतणारा बाद ठरतो. बोनस रेषा तिच्याही पलीकडे एक मीटरवर आहे. समोर सहा किंवा अधिक गडी असतील तरच तिचा गुण मिळतो.

आता निवडीच्या दिवशी पुष्कळदा काय होते? मैदानाभोवती गर्दी जमते. एखादा मुलगा साखळीखालून डुबकी मारून निसटतो, टाळ्या पडतात, आणि त्याचे नाव यादीत लागते. दुसरा गुपचूप जातो, पाय टाकून बोनस घेतो, परत येतो. त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की टाळ्या मोजू नयेत. वही घ्यावी आणि प्रत्येक चढाई लिहून ठेवावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या गड्याने वीस चढायांत आठ गडी टिपले, पण तो सहा वेळा पकडला गेला. दुसऱ्याने वीस चढायांत सहाच टिपले, पण तो एकदाच पकडला गेला. वरवर पाहता पहिला सरस. पण त्याने आठ गुण आणून सहा दिले, म्हणजे पदरात पडले दोन. दुसऱ्याने सहा आणून एक दिला, शिल्लक पाच. शिवाय गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. आपला गडी पकडला गेला की प्रतिस्पर्ध्याचा बाद झालेला एक गडी उठून आत येतो, आणि आपला चढाईपटू बाहेर बसतो. त्याला उठवावयास दुसऱ्या कोणी गडी मारावा लागतो. बोनसच्या गुणाने तो उठत नाही. असे होता होता सातही गडी बाद झाले तर लोण चढतो आणि वर दोन गुण जातात. पुष्कळ लोणांची सुरुवात मुख्य गड्याच्या एखाद्या उतावळ्या चढाईत असते.

याचा अर्थ, न पकडला जाणारा तोच उत्तम, असाही नव्हे. नुसता फेरी मारून येणारा संघाला जिंकून देत नाही. हिशेबाबरोबर प्रसंगही लिहावा लागतो. आपण पुढे असून शेवटची मिनिटे उरली असता रिकामी चढाईही मोलाची. त्या वेळी धाडस करणारा चुकतो. उलट ज्या स्पर्धांत दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणणे सक्तीचे असते, तेथे नुसते जपून खेळणारा उपयोगी नाही. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण पुढे होता. नंतर अजय ठाकूरच्या चढायांनी पारडे फिरले आणि भारताने ३८–२९ असा सामना जिंकला. आपला संघ पाच गुणांनी मागे आहे असे समजून सरावाचा खेळ लावावा, आणि अशा वेळी कोणाचा दम व डोके ठिकाणावर राहते ते पाहावे. ही परीक्षा साध्या सरावात होत नाही.

एकेका गड्याची पारख झाल्यावर त्यांची जुळणी पाहावी लागते. तिघेही उजव्या बाजूने चढाई करणारे असतील, तर प्रतिस्पर्ध्याचा एकच कोपरा जागा राहिला तरी पुरे. एक डावा, एक उजवा, आणि मुख्य गडी बाहेर असता संघ जिवंत ठेवणारा तिसरा, अशी जुळणी असावी. एक हाताने टिपणारा, दुसरा लाथेने, असे असल्यास पकडणाऱ्यांचा अंदाज चुकतो. मुलींच्या संघालाही हाच न्याय लागू आहे.

शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. खेड्यातला मुलगा मातीत वाढलेला असतो. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर तो रुततो. वळण्याची रीतच बदलते. सकाळच्या एस.टी.ने आलेला मुलगा आयुष्यात प्रथमच मॅटवर उभा राहतो, बूटही उसने असतात, पहिल्याच चढाईत त्याचा घोटा धरला जातो, आणि तो नापास होऊन संध्याकाळी गावी परततो. त्याच्या अंगचे खेळणे कोणी पाहिलेलेच नसते. तो कदाचित पुन्हा येणार नाही.

म्हणून निवड एका दुपारी उरकू नये. निदान आठवडाभर प्रत्येकाला मॅटवर खेळू द्यावे, सर्वांना सारख्याच तगड्या पकडीपुढे पाठवावे, आणि अखेरीस वही उघडून ज्याचे नाव आले नाही त्यालाही ती दाखवावी. आपण कोठे पकडले गेलो हे त्याला कळले, तर तो पुढल्या वर्षी सुधारून येईल. आपल्या गावातला एखादा मुलगा यंदा निवडीला जाणार असेल, तर येत्या दोन महिन्यांत त्याला आठवड्यातून एकदा तरी मॅटवर खेळावयास मिळेल, एवढी सोय आपण करू शकतो.