सही आधी की चर्चा आधी?

दोन देशांमधील गुंतवणुकीचे करार सरकारांच्या आणि कंपन्यांच्या नावाने होतात. पण ते टिकणार की मोडणार, हे पुष्कळदा घरच्या राजकारणात ठरते. कुवेतमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना याची दोन उदाहरणे जवळची आहेत, एक कोकणातले आणि दुसरे इथले. दोन्हीकडे समोर अमेरिकन कंपनी होती.

कोकणातली वीज

१९९१ च्या आर्थिक संकटानंतर केंद्र सरकारने वीजनिर्मिती परदेशी भांडवलाला खुली केली. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीचे अधिकारी महाराष्ट्रात आले आणि अवघ्या काही दिवसांत, २० जूनला, राज्य वीज मंडळाशी प्राथमिक समझोता झाला. स्पर्धात्मक निविदा मागवल्याच नाहीत. हा प्रकल्प राज्याला परवडणारा नाही, असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज नाकारले. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीजखरेदी करार झाला. जागा होती गुहागर तालुक्यातील अंजनवेल. प्रकल्प मात्र दाभोळच्या नावाने ओळखला गेला.

करारातील खरी मेख दोन कलमांत होती. एक, मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरायचाच. दोन, दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता; २००१ मध्ये तो ४६ च्या पुढे गेला. म्हणजे डॉलरमधला आकडा तोच राहिला, तरी रुपयांतला बोजा जवळजवळ दीडपट झाला. त्यावर राज्य सरकारची हमी, आणि त्या हमीला केंद्राची प्रतिहमी.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. युतीचे सरकार आले आणि ३ ऑगस्ट १९९५ ला करार रद्द झाला. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली. मग पुन्हा वाटाघाटी होऊन काही महिन्यांतच नवा करार ठरला. दर कमी केल्याचे सांगितले गेले, पण प्रकल्पाची क्षमता २,०१५ मेगावॅटवरून २,१८४ वर गेली आणि आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही पक्का झाला. केंद्राच्या प्रतिहमीला मंजुरी मिळाली ती मे १९९६ मध्ये, वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारच्या अखेरच्या काळात. विरोधात असताना केलेली गर्जना आणि सत्तेवर आल्यावर केलेली सही यांत एवढेच अंतर होते!

१९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, तोही महागड्या नाफ्थ्यावर. दुसऱ्या टप्प्यासाठी ओमान आणि अबू धाबीचा वायू ठरला होता. मंडळाला बिले झेपेनात आणि मे २००१ मध्ये वीजकेंद्र बंद पडले. घरचे राजकारण अमेरिकेतही होते. एन्रॉन ही अध्यक्ष बुश यांच्या प्रचाराला मोठ्या देणग्या देणारी कंपनी. जून २००१ मध्ये उपाध्यक्ष चेनी यांनी हा विषय सोनिया गांधींपुढे काढला. डिसेंबरमध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्या आणि देशी वित्तसंस्थांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून हे केंद्र पदरात घेतले. शेवटी भार आपल्याच लोकांवर आला.

कुवेतचा अनुभव

दस्मानहून गल्फ रोडने शुवैखच्या दिशेला निघाले की वाटेत तंबूच्या कापडासारखे झुकलेले छत असलेली इमारत लागते. ही मजलिस अल-उम्मा, म्हणजे इथली संसद. मे २०२४ मध्ये अमीरांच्या हुकुमाने ती विसर्जित झाली. २००८ मध्ये मात्र तिचा आवाज मोठा होता.

कुवेतची सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी आणि अमेरिकेची डाऊ केमिकल यांनी मिळून सुमारे १,७४० कोटी डॉलरची कंपनी उभारायची, असे त्या वेळी ठरले होते. पण जुलैमध्ये पिंपाला १४० डॉलरच्या पुढे गेलेले तेल डिसेंबरमध्ये चाळिशीच्या खाली आले. एवढी किंमत आता का मोजायची, असा सवाल खासदारांनी केला आणि पंतप्रधानांची सभागृहात जाहीर झडती घेण्याचा इशारा दिला. २८ डिसेंबरला, व्यवहार पुरा होण्यास काही दिवस उरले असताना, सरकारने माघार घेतली. डाऊ लवादाकडे गेली आणि २०१३ मध्ये कुवेतने तिला सुमारे २२० कोटी डॉलर भरले.

मग दोष कोणाचा?

‘राजकारणी नाक खुपसतात म्हणून उद्योग बुडतात’ असे म्हणणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. वीज परवडेल का, पैसा योग्य ठिकाणी जातो आहे का, हे विचारणे लोकप्रतिनिधींचे कामच आहे. अडचण वेळेची. सहीआधी उघडपणे न झालेली चर्चा सहीनंतर होतेच. मात्र तोवर भरपाईची कलमे लागू झालेली असतात आणि निकाल परदेशी लवादाच्या हाती गेलेला असतो. करार मोडायचा की नाही हे राजकारण ठरवते. मोडण्याची किंमत मात्र आधीच लिहून ठेवलेली असते.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या परदेशी गुंतवणुकीची बातमी वाचताना रकमेच्या आकड्यावर थांबू नये. निविदा निघाल्या होत्या का, पैसे कोणत्या चलनात द्यायचे, हमी कोणाची आणि करार मोडला तर कोणी किती भरायचे, एवढे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे मिळत नसतील, तर ते बिल उद्या कोणाच्या नावे निघेल याचा अंदाज आजच बांधता येतो.