व्हेरोनाचे स्कालिजेर घराणे : उदय, ऱ्हास आणि वारसा

राजघराणी तलवारीच्या बळावरच उदयास येतात, असा सर्वसाधारण समज असतो. मध्ययुगीन उत्तर इटलीत मात्र काही घराणी नागरिकांनी दिलेल्या पदाच्या आधारे सत्ताधीश झाली. व्हेरोना नगरातील देल्ला स्काला, अर्थात स्कालिजेर, घराणे हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तेराव्या शतकात ही नगरे स्वशासित होती. परंतु पोपचे पक्षपाती ग्वेल्फ आणि सम्राटाचे पक्षपाती गिबेलिन यांच्या कलहाने ती जर्जर झाली होती. शांततेच्या गरजेपोटी नागरिकांनी एकाच बलिष्ठ व्यक्तीकडे अधिकार सोपवले. व्हेरोनात १२६२ मध्ये मास्तिनो देल्ला स्काला हा ‘लोकांचा सेनानायक’ झाला. १२७७ मध्ये त्याचा खून झाला, तरी सत्ता घराण्यातच राहिली. ती आधी त्याचा भाऊ अल्बेर्तो याच्याकडे आणि नंतर अल्बेर्तोच्या तीन मुलांकडे क्रमाने गेली. लोकांनी दिलेले पद अशा रीतीने वंशपरंपरागत झाले, हे येथे विशेष लक्षात घ्या.

या तिघांतील धाकटा कानग्रांदे याच्या काळात घराणे वैभवाच्या शिखरावर पोहोचले. त्याने विचेन्झा, पादुआ व त्रेव्हिझो ही नगरे ताब्यात आणली. फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या महाकवी दान्तेला त्याने आश्रय दिला. १३२९ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो अचानक मरण पावला. २००४ मध्ये त्याच्या मृतदेहाची तपासणी झाली, तेव्हा त्यात डिजिटॅलिस या विषारी वनस्पतीचे अंश आढळले.

कानग्रांदेचा पुतण्या दुसरा मास्तिनो याच्या विस्ताराने धास्तावलेली व्हेनिस व फ्लॉरेन्स ही राज्ये एकत्र आली आणि घराण्याचे बरेच प्रदेश गेले. त्याहून घातक ठरला तो घरातील कलह. १३५९ मध्ये कानसिन्योरियोने आपला थोरला भाऊ दुसरा कानग्रांदे याला ठार केले. १३८१ मध्ये अंतोनियोने भाऊ बार्तोलोमेओचा खून करवला. अखेर १३८७ मध्ये मिलानच्या व्हिस्कोंती घराण्याने व्हेरोना जिंकले.

आज सांता मारिया आंतिका चर्चलगतची या घराण्याची शिल्पमंडित थडगी आणि आदिजे नदीकाठचा कास्तेलव्हेक्यो किल्ला पाहावयास मिळतो. नगरात बंड झाल्यास निसटता यावे, म्हणून किल्ल्याला जोडून नदीवर तटबंदीयुक्त पूल बांधलेला आहे. ज्या नागरिकांच्या विश्वासावर सत्ता मिळाली, त्यांचेच भय पुढे सत्ताधीशांना वाटू लागले, याची हा पूल साक्ष देतो.

स्वाध्याय : स्कालिजेर घराण्याच्या ऱ्हासाची अंतर्गत व बाह्य कारणे स्पष्ट करा.