पेट्रोलचा कॅन आणि लांबचा पल्ला

पौड रस्ता पिरंगुट सोडून मुळशी धरणाच्या काठाने पुढे जातो आणि ताम्हिणी घाट उतरून माणगावजवळ मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो. कोकणातले बाजार करणारे आपले कापडवाले व कटलरीवाले, उधारी वसुलीला निघालेले व्यापारी, सुट्टीत मोटारसायकलवर लांबच्या सफरीला निघणारी मुले, सर्वांचा हाच रस्ता. पिरंगुटच्या एका गॅरेजात आम्ही उभे असताना असाच एक तरुण आला. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि दोन्हींत पेट्रोल!

"चाचा, घाटात पंप कुठला मिळायला? म्हणून बरोबर घेतलंय," तो म्हणाला.

"पेट्रोल संपलं तर गाडी बाजूला लावता येते, बेटा. पाठीवर पेटलं तर पाठ कुठे लावशील?" मिस्त्रींनी विचारले.

या प्रश्नावरूनच आजचा हा लेख.

पहिला हिशेब गरजेचा. दहा लिटरची टाकी आणि लिटरला 45 किलोमीटर धावणारी गाडी असेल तर भरलेल्या टाकीत साडेचारशे किलोमीटर होतात. पिरंगुट ते माणगाव अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे निघताना टाकी भरली तर या रस्त्याला जादा पेट्रोल लागतच नाही. जादा पेट्रोल खरे लागते ते लडाखसारख्या ठिकाणी. मनाली–लेह रस्त्यावर तांदी येथील पंपावर "पुढचा पंप 365 किलोमीटर" ही पाटी वर्षानुवर्षे प्रसिद्ध होती. चढण, थंडी आणि ओझे यांमुळे तिथे गाडीचे ॲव्हरेजही उतरते. अशा सफरीला पाच लिटर जादा घेणे शहाणपणाचे आहे.

आता कायदा. पेट्रोलियम अधिनियम, 1934 प्रमाणे विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवे. भांडे काचेचे असेल तर एक लिटरपेक्षा मोठे नको, धातूचे असेल तर 25 लिटरपेक्षा मोठे नको. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली या यादीत कुठेच नाही. 'विक्रीसाठी नसलेले' हे शब्द आपल्या दुकानदार बंधूंनी नीट वाचावेत. रस्त्यालगतच्या दुकानात बाटल्या मांडून पेट्रोल विकणे हा परवान्याविना गुन्हा आहे. दहा-वीस रुपयांच्या नफ्यासाठी सारे दुकान पणाला लावण्यात कसला आला व्यापार?

पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत सरपटत दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. म्हणून कॅन पेट्रोलसाठीच बनवलेला घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात नावाजलेला जर्मन 'जेरीकॅन' पाहावा. त्याच्या वरच्या भागात फुगवट्यासाठी मुद्दाम जागा सोडलेली असते. उन्हात पेट्रोल फुगते, त्यामुळे कोणताही कॅन काठोकाठ भरू नये, वर वीतभर नाही तरी चार बोटे जागा ठेवावी.

भरताना कॅन जमिनीवर ठेवावा. गाडीवर बांधलेल्या कॅनमध्ये भरू नये. पंपाची नळी कॅनच्या तोंडाला टेकलेली असावी, म्हणजे घर्षणाची वीज साठून ठिणगी पडत नाही. बांधताना सायलेन्सर आणि साखळी यांपासून दूर, शक्य तितका खाली आणि मध्यभागी बांधावा. क्रॅशगार्डला लटकवू नये, कारण गाडी पडली की पहिला मार तिथेच बसतो. पाठीवरच्या पिशवीत तर कधीच नको. पाच लिटरचे वजन पावणेचार किलोच्या आसपास भरते. एकाच बाजूला बांधले तर वळणावर गाडी ओढते.

टाकीत ओतताना इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. विडी-सिगारेट आणि मोबाईल दूर ठेवावेत, नरसाळे वापरावे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची जुनी सवय सोडावी. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. पेट घेतलाच तर पाणी मारू नये. माती, वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे कामी येते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते पाणी शोषते. ताम्हिणीच्या पावसात कॅनचे झाकण सैल राहिले तर पाणी वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून कॅनमधले पेट्रोल आधी वापरावे, महिनोन् महिने साठवू नये.

रेल्वेने गाडी पाठवणाऱ्यांनी टाकी आणि कॅन दोन्ही रिकामे करावेत. पेट्रोलसह गाडी पार्सलला घेतली जात नाही.

शेवटी वेल्डिंग करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंसाठी. कॅनसाठी कॅरिअर किंवा स्टँड बनवण्याचे काम आज चांगले मिळते. ते जरूर घ्यावे, मजबूत करावे, कॅन हलू नये म्हणून रबर व पट्टा द्यावा. पण गिऱ्हाईक जुना पेट्रोलचा कॅन किंवा टाकी डाग द्यायला घेऊन आले तर घाई करू नये. रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा धोक्याचा असतो, कारण त्यात पेट्रोल नसले तरी वाफ आणि हवा दोन्ही असतात. तो स्फोट हातात होतो. असे काम नाकारण्यात कमीपणा नाही.

आगीची किंमत या परिसराला वेगळी सांगायला नको. 7 जून 2021 रोजी पिरंगुटजवळच्या उरवडे येथील एका रासायनिक कारखान्याला आग लागून पंधराहून अधिक कामगार गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ते प्रकरण पेट्रोलच्या कॅनचे नव्हते, पण आग पळायला वेळ देत नाही हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

त्या तरुणाने दोन्ही बाटल्या तिथेच आपल्या टाकीत रिकाम्या केल्या. टाकी भरली आणि पिशवी हलकी झाली. माणगावपर्यंत त्याला तेवढे पुरेसे होते.