परगावची लग्ने आणि गावचा लाभ

लग्नकार्य हा आपल्याकडे घरचा विषय मानला जातो; अलीकडे तो पर्यटन धोरणाचाही विषय झाला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून परदेशी जाऊन लग्ने करणाऱ्या सधन कुटुंबांना ती देशातच करण्याचे आवाहन केले. पुढच्याच महिन्यात डेहराडूनच्या गुंतवणूकदार परिषदेत त्यांनी ‘वेड इन इंडिया’चा पुकारा केला. परकीय चलन वाचावे, हा त्यामागील हिशेब रास्तच आहे. परंतु पुण्याचे किंवा नाशिकचे लग्न गोव्याला गेले, तर देशाच्या उत्पन्नात फारशी भर पडत नाही. खर्च एका गावातून दुसऱ्या गावी सरकतो, इतकेच.

तो कोणाकडून कोणाकडे सरकतो, हे पाहण्यासारखे आहे. मंगल कार्यालयातील लग्नावर आचारी, वाढपी, मांडववाला, वाजंत्री, फुलवाला, बांगड्या भरणारा कासार अशा अनेक घरांची हंगामाची मिळकत अवलंबून असते. तेच कार्य समुद्रकाठच्या पंचतारांकित हॉटेलात गेले, की खोल्या, भोजन, सजावट यांचा एकच करार होतो आणि पैशाचा मोठा वाटा एक-दोन हातांतच राहतो. गोव्यात भाजीपाला व दूध मोठ्या प्रमाणावर बेळगावकडून येते; म्हणजे पंगतीवरील खर्चाचा काही भाग पुन्हा घाट चढून जातो. अर्थशास्त्रात यालाच गळती म्हणतात. राज्याच्या तिजोरीत भर पडते, हे नाकारता येणार नाही. दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि त्यातील निम्मा राज्याचा असतो.

खरी अडचण मुहूर्तांची आहे. गोव्याचा पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा. तुळशीचे लग्न लागले की आपली लग्नसराई सुरू होते, तीही नेमकी याच काळात. साहजिकच आधीच गजबजलेल्या किनाऱ्यावर वऱ्हाडांची भर पडते. पाणी, कचरा, रहदारी यांचा ताण वाढतो आणि त्याचा भार शेजारच्या वाड्यावर पडतो. उलट, मे अखेरीस किनाऱ्यावरचे शॅक उठतात, खोल्यांचे दर उतरतात, हंगामी नोकर घरी बसतात, तेव्हा चातुर्मास लागायला फारसे दिवस उरलेले नसतात!

चातुर्मासात लग्न करावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. तथापि पंचांगांत या काळासाठीही आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात आणि नोकरदार मंडळी ते बिनदिक्कत घेतात. शासनाला विवाह पर्यटनाला उत्तेजन द्यायचेच असेल, तर करसवलत वा अनुदान जून ते सप्टेंबरमधील कार्यांनाच द्यावे. डिसेंबरातील वऱ्हाडाला त्याची गरज नाही. शिवाय फुले, भाजी, वाढपी, वाजंत्री स्थानिक असावेत, अशी अट त्यास जोडावी. मासळीपुरती ती सैल ठेवावी लागेल. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते.