परदेशीं घरचा घास
दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गांवांतूनही आतां मुलेंमुली शिक्षणासाठीं परदेशीं जातात. मेतकूट नि गोडा मसाला पेटींत भरला कीं आपलें कर्तव्य संपलें, असें वडीलधाऱ्यांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. घरच्या घासाची ओढ म्हणजे जिभेचे चोचले नव्हेत. ती घराचीच ओढ होय. १८८३ सालीं अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनीं तेथें शाकाहार सोडला नाहीं. रोझेल गांवीं यजमानांच्या घरीं त्यांनीं स्वहस्तें रांधून पाहुण्यांस आपल्या पद्धतीचें जेवण वाढलें. १८८६ मध्यें त्या डॉक्टर झाल्या. पेटींतलें मेतकूट सरतें. हातीं आलेली कला सरत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं वरणभात रांधणें नि फोडणी देणें मुलींप्रमाणें मुलांसही अवश्य शिकवावें.