चर्चच्या वहीत सापडणारे पणजोबा

गोव्याच्या किंवा वसईच्या कॅथलिक घरातले असाल आणि पणजोबांच्या मागे जायचं असेल, तर चर्चच्या नोंदवह्या धराच. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने लग्नं आणि बाप्तिस्मे लिहून ठेवणं पाद्रींना बंधनकारक केलं, तेव्हापासूनची ही शिस्त. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत. वाळवी, दमटपणा, लढाया, काय काय!

टिकलेल्या वह्या ऑनलाइन शोधायला 'फॅमिलीसर्च' ही साइट फुकट आहे, खातं मात्र उघडावं लागतं. नाव टाकून काही मिळालं नाही तर लगेच हिरमुसू नका. कितीतरी वह्यांची नुसती छायाचित्रं असतात, सूची नसते. गावाच्या नावाने कॅटलॉग उघडायचा आणि पानं चाळायची. चिकाटीचं काम आहे, पण मजा त्यातच!

पोर्तुगीज बाप्तिस्मा-नोंद म्हणजे खजिना. बाळ, आईवडील, बरेचदा दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि शेवटी 'पाद्रीन्य', म्हणजे धर्मपिता. तो पुष्कळदा मामा-काकाच निघतो, त्याच्यावरून पुढची फांदी सापडते. तारखेत '7bro' असं दिसलं तर जुलै समजू नका, तो सप्टेंबर! '8bro' म्हणजे ऑक्टोबर. जुन्या रोमन मोजणीचा वारसा, दुसरं काय.

घराण्यात कुणी ब्रिटिश किंवा अँग्लो-इंडियन असेल तर 'फिबिस' या ब्रिटिश भारतातल्या घराण्यांवर काम करणाऱ्या संस्थेच्या साइटवर मोफत शोधही करून बघा. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला ब्रिटिश राजवटीत लंडनला जायच्या, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आणि हो, आधी घरातल्या म्हाताऱ्यांना गावाचं आणि वाड्याचं नाव विचारून घ्या. चर्च कुठलं ते कळल्याशिवाय काहीच हलत नाही.