रिकाम्या वेळेतले चौकोन

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आमच्याकडे शिवाजी पेठेत आली, की संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर ठरलेली. त्या दिवशी तिच्या अंगात मी क्रोशानं विणलेला सुती झगा होता. भेळेच्या गाडीपाशी एक बाई थांबल्या. झग्याचं टोक हातात घेऊन त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. "किती सुरेख! माझ्या मुलीला असाच करून द्याल का? नऊशे रुपये देईन." मी संकोचले आणि पटकन बोलून गेले, "अहो, पैशांचं काय एवढं, रिकाम्या वेळेतच करते मी." त्यांनी माझा फोन नंबर लिहून घेतला.

घरी येताना नात म्हणाली, "आजी, तुझा रिकामा वेळ कधी असतो?" तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं मला मोकळं बसलेलं पाहिलंच नव्हतं. उत्तर द्यायला गेले आणि लक्षात आलं, की तेही मला ठाऊक नाही.

क्रोशा मला आईनं शिकवला. आमच्या वाड्यात दुपारची भांडी झाली, की सोप्यात चार बायका सुया घेऊन बसत. साखळी आणि खांब, एवढ्या दोन गोष्टी हाताला आल्या की बाकी सगळं त्यांतूनच निघतं. दाराला तोरण, ताटावर रुमाल, रेडिओला झाकण, पुढं टीव्ही आला तसं टीव्हीलाही झाकण. मुलीचं लग्न ठरलं, की रुखवतात क्रोशाचा एखादा नमुना हवाच. आईनं जन्मभर घरातल्या वस्तूंना कपडे केले. स्वतःच्या अंगावर मात्र क्रोशाची कधी एक पट्टीही घातली नाही.

झगा ज्या चौकोनांचा आहे, त्यांना इंग्रजीत 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात, म्हणजे आजीचा चौकोन. अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात १८८५ साली असा चौकोन छापून आला होता. उरलेल्या दोऱ्याचे छोटे चौकोन करायचे आणि जोडून पांघरूण बनवायचं. आपल्याकडच्या बाईला यात नवल वाटायला नको. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवणारे हात आणि हे हात एकाच कुळातले. फरक इतकाच, की वाकळेला पसरायला जागा लागते. चौकोन पिशवीत मावतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक फेरी होते. उठावं लागलं तर उठायचं, काही बिघडत नाही. ज्या बाईला सलग तासभर कधी मिळत नाही, तिच्यासाठीच जणू हा प्रकार निघाला.

झगा काही पहिल्या खेपेला जमला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी लेकीसाठी पहिला केला, तो घरात पडून असलेल्या कृत्रिम लोकरीचा. ती लोकर घाम टिपत नाही. वैशाखात पोरीच्या पाठीवर पुरळ उठलं आणि झगा ट्रंकेत गेला. दुसरा सुती दोऱ्याचा केला आणि कौतुकानं हँगरला लावला. आठ दिवसांत तो चांगला चार बोटं खाली उतरला! सुती क्रोशा आपल्याच वजनानं ओढला जातो. तो घडी करून ठेवावा आणि धुतल्यावर आडवा पसरून सावलीत वाळवावा, हे तेव्हा कळलं.

या वेळी मात्र महाद्वार रोडवरून सुती दोरा आणला आणि आधी हिशेब मांडला. साडेतीन इंचांचा चौकोन, घेराला आठ आणि उंचीला सहा, म्हणजे अठ्ठेचाळीस. वर छातीपाशी सरळ खांबांची पट्टी आणि दोन बंद. खाली घेर हवा म्हणून शेवटच्या दोन ओळींना जरा जाड सुई घेतली. वीण तीच, पण चौकोन मोठा पडतो. चार साखळ्यांचं कडं करायचं आणि त्याभोवती तीन-तीन खांबांचे चार गट. दुसऱ्या फेरीत आठ गट, तिसरीत बारा, चौथीत सोळा. एका चौकोनात एकशे वीस खांब झाले.

नातीच्या प्रश्नानंतर मी झग्याचा तो कागद पुन्हा काढला आणि घड्याळ लावून एक चौकोन विणला. पंचवीस मिनिटं लागली. अठ्ठेचाळीस चौकोनांचे झाले वीस तास. तीन रंगांमुळे प्रत्येक चौकोनाला दोऱ्याची सहा टोकं सुटतात. अशी २८८ टोकं सुईनं आत दडवायला पाच तास. जोडणीला पाच, वरची पट्टी, बंद आणि काठ यांना सहा. एकूण छत्तीस तास. दोरा चारशे रुपयांचा. नऊशेतून चारशे वजा केले, तर तासाला चौदा रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि मी म्हणाले होते, पैशांचं काय एवढं!

आपलं कोल्हापूर कापडाला नवखं नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली इथं कापडगिरणी काढली. जवळच इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला आणि त्यावर अख्खं गाव उभं राहिलं. मागावरचं कापड यंत्राला जमलं, दोन सुयांच्या विणीसारखं बनियनचं कापडही जमलं. क्रोशा मात्र कारखान्यात जमलेला नाही. इथं एकच दोरा, एकच आकडा आणि एकच उघडा फास असतो. दर खांबाला आकडा आधीच्या फेरीतली नेमकी जागा शोधून आत शिरतो आणि वळणं घेत बाहेर येतो. दुकानात क्रोशासारखं दिसणारं यंत्राचं कापड मिळतं, पण खरा क्रोशा असेल, तर तो कुणाच्या तरी हातानंच केलेला असतो. तो स्वस्त मिळाला, तर ती स्वस्ताई कुणाच्या तरी हातांतून आलेली असते.

आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला नेली. तिथल्या बायकांची लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या अभ्यासिकेनं त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक लिहिलं. घरकाम सांभाळून रोज सहा-आठ तास लेस विणणाऱ्या या बायकांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. त्या घरबसल्या फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी ठरल्या, म्हणून मजुरीही फावल्या वेळाची. वाचताना माझंच रंकाळ्यावरचं वाक्य मला पुन्हा ऐकू आलं.

तो फावला वेळ तरी कुठला? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं दिसलं. पुरुषांचा ८८ मिनिटं. माझे अठ्ठेचाळीस चौकोन त्या २८९ मिनिटांच्या फटींतून निघाले होते. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये 'प्राडा'नं कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दाखवल्या, कारागिरांचं नाव न घेता. तेव्हा गावात केवढा संताप झाला! तो रास्तच होता. पण घरातल्या हातांचा दाम विचारला, की आपणच मान खाली घालतो.

चार दिवसांनी त्या बाईंचा फोन आला. मी सांगितलं, "बावीसशे होतील. दोरा चारशे, आणि छत्तीस तासांचे तासाला पन्नास." पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "विचार करून सांगते." पंधरा दिवस झाले, त्यांचा फोन नाही. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करते. हातचं काम घालवलं, फार मागितले, आई असती तर फुकटच करून दिला असता. मग वाटलं, आईनं नेमकं तेच तर केलं होतं.

शेजारच्या आक्का पैसे घेऊन तोरणं करून देतात. त्यांना हे सगळं सांगितलं. त्या सुई थांबवून म्हणाल्या, "मी तर कधी मोजलंच न्हाई, वैनी. शिरेल बघत बघत हुतंय, आसं म्हनतो." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात, तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीनं आकडे दिसू लागले. एके दिवशी पाऊण तास, एके दिवशी दीड. पाव्हणे आले त्या दिवशी चौकोन कोरा.

नात सुट्टी संपवून गेली. जाताना झगा घडी करून पिशवीत घातला आणि तिच्या आईला हँगरबद्दल बजावलं. पुढच्या उन्हाळ्यात तो आखूड होईल. मग खाली आणखी एक ओळ जोडायची, की झाला पुन्हा मापाचा. आठ चौकोन, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. जोडणी वेगळी.